लेक बाळंतपणाला आली आणि विहिरीचा रिपोर्टही आला

पत्र:

ताई, नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, तिला नववा लागला आहे. आमच्या अंगणात घरची विहीर आहे, आजेसासऱ्यांनी खोदलेली. पाणी थंडगार आणि गोड. गल्लीतले लोक चहाला आमच्याकडचं पाणी नेतात. विहिरीपासून वीस-बावीस फुटांवर संडासाचा खड्डा आहे, त्याच्या पलीकडे गोठा आणि उकिरडा. मागे चढावर चुलतदिरांची संत्र्याची बाग.

मागच्या महिन्यात गावातल्या पाणी तपासणाऱ्या बायांनी किटवर आमचं पाणी तपासलं तर रंग एकदम गडद आला. मग नमुना प्रयोगशाळेत पाठवला. रिपोर्टमध्ये नायट्रेट 112 लिहिलं आहे, जंतूही सापडले आहेत, आणि खाली शिक्का, 'पिण्यास अयोग्य'. यजमान म्हणतात, तुरटी फिरवू, उकळून पिऊ, झालं. सासूबाई म्हणतात, साठ वर्षं हेच पाणी पिते आहे, चार लेकरं याच पाण्यावर वाढवली. व्याह्यांच्या कानावर गेलं तर ते म्हणतात, सूनबाईला पुण्याला परत पाठवा. मला रात्रीची झोप नाही. माझ्याच घरचं पाणी माझ्या नातवंडाला बाधणार का? उकळलं तर चालेल का?

एक आई, वर्धा जिल्हा

उत्तर:

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण उद्या सकाळी चुलीवर काय चढवायचं ते त्यावर ठरणार आहे. नाही, उकळून चालणार नाही. नायट्रेट उकळल्याने जात नाही. उलट वाढतं.

कसं ते सांगते. समजा तुम्ही 10 लिटर पाणी पातेल्यात घेतलं आणि चांगलं खळखळ उकळलं. वाफ होऊन 8 लिटर उरलं. वाफेबरोबर फक्त पाणी उडालं, त्यात विरघळलेलं नायट्रेट सगळंच्या सगळं खाली राहिलं. म्हणजे लिटरमागे 112 मिलिग्रॅम होतं ते आता 140 झालं. आमटी आटवली की खारट होते ना, तसंच हे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालतं, आणि या बाबतीत 'दुसरं पाणी नसेल तर एवढं चालेल' अशी सवलतही मानकात दिलेली नाही. तुमचं पाणी आजच अडीचपट आहे. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, नायट्रेट बसत नाही. कपड्याने गाळून, मेणबत्तीच्या फिल्टरमधून काढून, निळ्या दिव्याच्या यूव्ही मशीनमधून नेऊनही ते जसंच्या तसं राहतं.

तुमच्या यजमानांची यात चूक नाही. 'पाणी उकळून प्या' हे आपल्याला शाळेच्या भिंतीपासून दवाखान्याच्या फळ्यापर्यंत सगळीकडे शिकवलं गेलं आणि जंतूंच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गुईलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ सापडले, धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले. कित्येक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, संशय पाण्यावर गेला, आणि तिथे उकळणं हाच घरच्या घरी करता येण्यासारखा सर्वात भक्कम उपाय होता. हा जंतू उकळत्या पाण्यात टिकत नाही. तुमच्या विहिरीत मात्र दोन वेगळी दुखणी एकाच वेळी आहेत. जंतू आहेत, ते उकळून मरतील. नायट्रेट आहे, ते विरघळलेल्या मिठासारखं आहे, त्याला मरण नाही. एकाच्या औषधाने दुसरं बरं होत नाही, आणि घराघरात नेमकी इथेच फसगत होते. उकळून झाकून ठेवलेला हंडा बघितला की घरातल्या बाईला वाटतं, आपण आपलं काम चोख केलं.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली. पावसाळ्याच्या सुरुवातीला टेबलावर ओळीने बाटल्या मांडलेल्या असायच्या. एकीत नदीचं गढूळ पाणी, तळाला बोटभर गाळ. शेजारी कुणाच्या तरी घरच्या विहिरीचं पाणी, इतकं नितळ की मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यातून वाचता यावं. नायट्रेट बघितलं की नदीची बाटली पास व्हायची आणि ती नितळ बाटली नापास. असं एकदा नाही, कितीतरी वेळा झालं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. तुमच्या विहिरीचं पाणी गोड आहे, आणि ते तसंच गोड लागत राहील. जिभेवर विसंबून राहू नका.

आता बाळाचं. इथे नीट लक्ष द्या, पण घाबरू नका, कारण यातली भीती नेमकी कुठे आहे ते कळलं की ती आवरता येते.

मोठ्या माणसाच्या पोटात आम्ल भरपूर असतं. नवजात बाळाच्या पोटात ते कमी असतं, म्हणून तिथे जे जंतू तग धरतात ते नायट्रेटचं नायट्राइट करून टाकतात. हे नायट्राइट रक्तात गेलं की हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलतं आणि तसं बदललेलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मोठ्यांच्या शरीरात हा बिघाड दुरुस्त करणारी यंत्रणा पक्की असते, तान्ह्या बाळात ती अजून तयार व्हायची असते. शिवाय पोटातून घेऊन आलेलं त्याचं हिमोग्लोबिन लवकर बिघडतं. म्हणून ओठ, जीभ, नखं निळसर-राखाडी दिसू लागतात, रक्त काढलं तर ते चॉकलेटसारखं तपकिरी दिसतं. डॉक्टर याला मेटहिमोग्लोबिनेमिया म्हणतात, बोलीभाषेत 'ब्लू बेबी'. 1945 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी पहिल्यांदा या निळ्या बाळांचा संबंध विहिरीच्या पाण्याशी जोडून दाखवला. बाळं शेतावरच्या घरांतली होती, वरचं दूध करायला घरच्या उथळ विहिरीचं पाणी वापरलेलं होतं. अशा विहिरींच्या जवळच गोठे आणि संडासाचे खड्डे असायचे. वाचून तुमचं अंगण डोळ्यांसमोर आलं असेल. माझ्याही आलं.

पण यातच सुटकेची वाटही आहे. बाळ निळं पडतं ते वरच्या पाण्याने. अंगावरच्या दुधातून नायट्रेट बाळापर्यंत धोका होईल इतकं पोहोचत नाही. म्हणजे तुमच्या लेकीने पहिले सहा महिने बाळाला निव्वळ अंगावर पाजलं तर विहीर आणि बाळ यांच्यामध्ये आईच उभी राहते. आणि निव्वळ म्हणजे निव्वळ. मध नाही, साखरेचं पाणी नाही, उन्हाळ्यात घसा सुकतो म्हणून चमचाभर पाणी नाही, ग्राइप वॉटर नाही. आणि ताई, बाळगुटीही नाही. मला माहीत आहे, सासूबाईंनी सहाण आणि गुटीची डबी काढून ठेवली असेल. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, एकेक वळसा उगाळायचा, तो कशाने? विहिरीच्या पाण्याने. आपण म्हणतो दोन थेंब, पण पाच-सहा आठवड्यांच्या जीवाला दोनचे दहा व्हायला वेळ लागत नाही, आणि त्या थेंबांबरोबर जंतू पोटात गेले की जुलाब लागतात, आणि जुलाब लागलेल्या बाळाला नायट्रेट आणखी लवकर बाधतं. सासूबाईंचा हात धरून सांगा, गुटी सहा महिने डबीतच राहू द्या, तोवर तेल लावून न्हाऊ घालायचा मान तुमचाच.

न्हाऊ घालायला विहिरीचं पाणी चालेल का, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. चालेल. नायट्रेट कातडीतून आत शिरत नाही. फक्त ते पाणी उकळून कोमट करा आणि न्हाताना बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका. कपडे धुणं, भांडी घासणं, सडा, गुरांना आंघोळ, सगळ्याला हेच पाणी वापरा. गुरांच्या पिण्याचा मात्र विचार करा. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट फार सहज होतं. तुमच्या आकड्याला लगेच गाय आडवी पडेल असं नाही, पण गाभण गाईला शक्य असेल तर दुसरं पाणी द्या.

काही कारणाने वरचं दूध द्यावंच लागलं, लेक आजारी पडली, दूध उतरलं नाही, तर ते करायला या विहिरीचं एक थेंबही पाणी वापरायचं नाही. सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व, वरणाचं पाणी, भाताची पेज सुरू होईल, तेव्हाही हीच शिस्त. पेज शिजताना आटते, म्हणजे पातेल्यातलं गणित पुन्हा तेच. लेकीसाठी आजपासूनच वेगळं पाणी सुरू करा. गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत तिच्याही रक्तावर ताण असतोच. बाळंतिणीला कोमट पाणी भरपूर पाजाल, अळिवाची खीर कराल, तेही चांगल्या पाण्यातच करा.

आणि एवढं करूनही बाळाचे ओठ किंवा नखं निळसर-राखाडी दिसली, ते सुस्त पडलं, दूध ओढेनासं झालं, श्वास भरभर चालू लागला, तर दृष्ट काढत बसू नका. 108 ला फोन लावा आणि निघा. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, 'घरच्या विहिरीला 112 नायट्रेट आहे,' आणि रिपोर्ट हातात द्या. या दुखण्यावर मेथिलीन ब्लू नावाचं औषध आहे आणि वेळेत मिळालं तर बाळ बघता बघता गुलाबी होतं. निळेपणाची कारणं बरीच असतात, हृदयाची, फुप्फुसाची. तुमच्या एका वाक्याने डॉक्टरांचा वेळ वाचतो.

मग चांगलं पाणी आणायचं कुठून? नायट्रेट काढणारं घरगुती यंत्र म्हणजे आरओ. त्यातही यंत्राच्या दर्शनी भागावर काय छापलं आहे ते बघू नका, दुकानदाराला स्पष्ट विचारा, 'आत आरओचं मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा बारीक पडदा, आहे का?' नुसतं यूव्ही किंवा यूएफ (साधा बारीक छिद्रांचा फिल्टर) असेल तर ते तुमच्या उपयोगाचं नाही. बसवल्यावर आठवडाभराने गाळून आलेल्या पाण्याचा नमुना पुन्हा तपासायला द्या. 112 वरून ते 45 च्या खाली, आणि बाळासाठी जमेल तितकं खाली आलं पाहिजे. मेम्ब्रेन थकतं. यंत्र चालू दिसतं, नळाला धार येते आणि नायट्रेट मात्र सरळ पलीकडे जाऊ लागतं. म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा नमुना. यंत्रातून जे टाकाऊ पाणी बाहेर पडतं त्यात नायट्रेट आणखी दाट असतं. त्याची नळी विहिरीच्या बाजूला सोडू नका. ते परसातल्या केळीला, आंब्याला घाला, झाडाला त्याचा उपयोगच आहे.

गावात पंचायतीचा आरओ प्लांट असेल, नाणं टाकून जार भरून मिळत असेल, तर तेही चालेल, पण त्या प्लांटचा नायट्रेटचा रिपोर्ट मागा. थंड पाण्याचा जार म्हणजे शुद्ध पाणी असा समज फार पसरला आहे. थंड केलेलं पाणी थंड असतं, एवढंच. आणि आरओच्या पाण्यात क्लोरीन उरलेलं नसतं, त्यामुळे जार अस्वच्छ असेल तर त्यात जंतू पुन्हा वाढतात. म्हणून बाळ-बाळंतिणीसाठी क्रम लक्षात ठेवा. आधी आरओ, मग उकळणं. उकळलेलं पाणी झाकून, ओगराळ्याने काढायचं, त्यात पेला बुडवायचा नाही. तीन-चार माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला 20 लिटर पुरतं. एवढ्या पाण्यासाठी नवव्या महिन्यात लेकीला रात्रभराच्या प्रवासाला पुण्याला पाठवायची गरज मला दिसत नाही. प्रवासाचं तिच्या डॉक्टरांना विचारा, पाण्याचं उत्तर तुमच्याकडे आहे.

नळयोजनेचं पाणी येत असेल तर त्याचाही नायट्रेटचा आकडा ग्रामपंचायतीत विचारा. पंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, क्लोरीन उरलं का ते बघायला ओटी टेस्ट करतो, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे म्हणून सांगतो. ती टेस्ट क्लोरीनची. नायट्रेटबद्दल ती काहीच सांगत नाही. पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड पंचायतीला मिळालं असलं तरी आकडा विचाराच, कार्डाच्या रंगावर बाळाचं पाणी ठरवू नका. नळाची विहीर त्याच शिवारात असेल तर तिच्यातही हेच नायट्रेट असू शकतं.

सासूबाईंकडे येते. साठ वर्षं हेच पाणी प्यायले, असं त्या म्हणतात, आणि त्या खरं बोलतात. त्यांच्याशी या मुद्द्यावर वाद घालू नका. माझ्या आईशी मी घातला होता, आमच्याही अंगणात विहीर होती, आणि तीन दिवाळ्या आमच्यात धड बोलणं झालं नाही. नंतर मला कळलं की तिला पाण्याचं वाईट वाटत नव्हतं, तिने आम्हाला वाढवलं त्या वाढवण्यावरच मी बोट ठेवलं असं तिला वाटत होतं. सासूबाईंना एवढंच विचारा, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा विहिरीजवळ संडास होता का? मागच्या बागेत युरियाच्या किती गोण्या पडायच्या? त्या स्वतःच सांगतील. तेव्हा माणसं बाहेर जायची, शेतात शेणखत पडायचं, तेही उन्हाळ्यात गाडीने नेऊन. त्यांनी जी विहीर प्यायली ती वेगळी होती. कठडा तोच आहे, पाणी बदललं. शिवाय पिणारंही बदललं. पंच्याहत्तरीच्या बाईला जे पचतं ते पंधरा दिवसांच्या बाळाला पचत नाही. मोठ्यांच्या बाबतीतही सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. नायट्रेट थायरॉइडला आयोडीन घेण्यात आडकाठी करतं, आणि पोटात त्यापासून जी नायट्रोसो संयुगं बनतात त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2010 साली अशा परिस्थितीतल्या नायट्रेट-नायट्राइटला 'बहुधा कर्ककारक' गटात टाकलं आहे. पण सासूबाईंना हे आज सांगू नका. त्यांना जारचं पाणी पेल्यात भरून द्या, तेवढं पुरे.

आता विहिरीकडे चला. नायट्रेट आलं कुठून, हे तुमच्या पत्रातच लिहिलेलं आहे, फक्त वेगवेगळ्या वाक्यांत विखुरलेलं. वीस-बावीस फुटांवर खड्डा. गोठा. उकिरडा. चढावर बाग. आपला वर्ध्याकडचा भाग काळ्या खडकावर बसला आहे, वर काळी माती, खाली मुरूम, मग भेगा पडलेला पाषाण. उन्हाळ्यात काळी माती अशी तडकते की भेगेत हात जातो. पहिला जोराचा पाऊस त्या भेगांतून सगळं घेऊन खाली उतरतो, माती त्याला गाळून घेण्याआधीच. खड्ड्यातलं मैल्याचं पाणी, गोमूत्र, उकिरड्याचा काळा पाझर, सगळ्यांत नत्र असतं आणि जमिनीतले जंतू त्याचं नायट्रेट करतात. रिपोर्टमध्ये नायट्रेट आणि जंतू दोन्ही एकदम आहेत, म्हणून माझा पहिला संशय खड्ड्यावर आणि गोठ्यावर आहे. नुसत्या खताचं असतं तर जंतू बहुधा इतके सापडले नसते.

बागेचाही वाटा आहेच. एक हिशेब मांडून बघा. युरियाची 45 किलोची गोणी, त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. या नत्रातला चौथा हिस्सा झाडाने न घेता पाण्याबरोबर खाली उतरला, तर त्याचं जवळपास 23 किलो नायट्रेट होतं. तेवढं नायट्रेट 5 लाख लिटर स्वच्छ पाण्याला 45 च्या रेषेवर नेऊन ठेवतं. तुमची विहीर 20 फूट व्यासाची आणि तिच्यात 15 फूट पाणी आहे असं धरलं तर ते होतं साधारण 1 लाख 33 हजार लिटर. म्हणजे एका गोणीचा चौथा हिस्सा अशा जवळपास पावणेचार विहिरींचं पाणी 45 च्या रेषेवर नेतो. चुलतदिरांच्या बागेत वर्षाला किती गोण्या पडतात ते तुम्हालाच ठाऊक. भांडायला जाऊ नका, हिशेब घेऊन जा. मोठा पाऊस तोंडावर असताना खत टाकायचं नाही, एकदम न टाकता तीन-चार हप्त्यांत विभागून द्यायचं, ठिबक असेल तर ठिबकमधून. आणि याच विहिरीचं पाणी ते बागेला घेत असतील तर आणखी एक गोष्ट सांगा. 112 नायट्रेटच्या पाण्यात लिटरमागे 25 मिलिग्रॅम नत्र आहे. सव्वाआठ लाख लिटर पाणी बागेला दिलं की एक गोणी युरिया फुकट पडला. ते नत्र त्यांच्याच पैशाचं आहे, ते उपसून झाडाला घातलं तर गोणी वाचते आणि विहीरही हळूहळू हलकी होते. कृषी सहायकांना विचारून तेवढा युरिया कमी करता येतो.

अंगणातली कामं मात्र तुमच्या घरची. उकिरडा आधी हलवा, त्याला एक दिवस आणि एक ट्रॉली लागते. विहिरीच्या उताराच्या बाजूला, जितका लांब जमेल तितका. गोठ्याला फरशी आणि मूत्र वाहून नेणारी नाली, ती नाली विहिरीपासून दूर जाणारी. विहिरीभोवती सिमेंटचा ओटा, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला, म्हणजे सांडलेलं पाणी परत विहिरीत मुरणार नाही. कठड्याला भेगा असतील तर त्या बुजवा. संडासाचा खड्डा हे सगळ्यात खर्चाचं काम, पण तेच सगळ्यात मोलाचं. खड्डा विहिरीपासून निदान 50 फुटांवर हवा, आणि आपल्या भेगांच्या खडकात त्याहून लांब मिळाला तर फारच चांगलं. पंचायतीत जाऊन सांगा की विहीर अयोग्य ठरली आहे, रिपोर्ट जोडा, खड्डा हलवायला कोणती मदत मिळते ते लेखी विचारा. संडास बंद करून पुन्हा बाहेर जायचं, असा निष्कर्ष मात्र कुणीही काढू देऊ नका. घरात संडास आला ही चांगलीच गोष्ट झाली, खड्डा तेवढा चुकीच्या जागी खणला गेला.

जंतूंसाठी विहिरीत टीसीएल टाकता येईल. 1000 लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने वर धरलेल्या मापाच्या विहिरीला एक पाव किलो आणि वर मूठभर. पावडर तशीच भुरभुरायची नाही. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्यात खालवर हलवायची. तासभर थांबून मग ओटी टेस्ट. याने जंतू मरतील, धुणंभांडी निर्धास्त होतील. नायट्रेट तिथेच राहील, हे पुन्हा सांगते.

आणि कुणी म्हणेल, विहीर सोडा, बोअर खोल मारा. घाई करू नका. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या आपल्या शेजारच्या पट्ट्यात खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराईड निघाल्याची उदाहरणं थोडीथोडकी नाहीत. तिथल्या मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडले, मोठ्यांचे गुडघे आखडले. फ्लोराईडही उकळून जात नाही. बोअर मारलाच तर पाणी तोंडाला लावण्याआधी बाटली प्रयोगशाळेत गेली पाहिजे.

एवढं सगळं करून नायट्रेट लगेच उतरेल का? नाही उतरणार. जमिनीत वर्षानुवर्षं साठलेलं आहे, ते झिरपत राहील. विहीर उपसून रिकामी केली तरी आजूबाजूचंच पाणी पुन्हा आत येतं. काही पावसाळे जावे लागतील. म्हणून घरातलं वेगळं पाणी हे महिन्या-दोन महिन्यांचं काम समजू नका, नातवंड चालू-बोलू लागेपर्यंत तरी ती सवय ठेवा.

एक गोष्ट तुमच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून सांगते. हे फक्त तुमच्या अंगणात घडलेलं नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशभरातल्या नमुन्यांपैकी जवळपास 20 टक्क्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघालं, आणि सर्वाधिक नायट्रेटच्या 15 जिल्ह्यांची जी यादी आहे त्यातले 7 जिल्हे आपल्या महाराष्ट्रातले आहेत. वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. तुमच्या गल्लीत जी घरं चहाला तुमचं पाणी नेतात त्यांच्यातही कुणाकडे तान्हं बाळ असेल, कुणाची सून गरोदर असेल. त्यांना आज संध्याकाळी जाऊन सांगा. लाज वाटून गप्प बसलात तर ते पाणी उद्याही त्यांच्या घरी जाईल. ज्या बायांनी किटवर तपासणी केली त्यांना सोबत घ्या. गावातल्या प्रत्येक घरगुती विहिरीचा नमुना त्यांनी काढावा, आणि सगळे आकडे पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावेत. त्या बायांनी गडद रंग बघून तुम्हाला सांगितलं नसतं तर आज हे पत्र लिहिलंच गेलं नसतं. त्यांचे आभार मानले का तुम्ही? मानले नसतील तर माझेही सांगा.

शेवटी रिपोर्टबद्दल. तो पुन्हा काढून बघा, 112 हा आकडा 'नायट्रेट' समोर आहे की 'नायट्रेट-नायट्रोजन' समोर. काही प्रयोगशाळा दुसऱ्या पद्धतीने लिहितात, तिथे मर्यादा 10 च्या आसपास धरतात आणि तो आकडा साडेचारने गुणला की आपल्या ओळखीचा होतो. तुमचा 112 पहिल्या पद्धतीचा असावा असं धरूनच मी वरचं सगळं लिहिलं आहे, तरी खात्री करा. नमुना पुन्हा द्याल तेव्हा कोल्ड्रिंकची जुनी बाटली नेऊ नका, प्रयोगशाळेतून बाटली मागून घ्या, जंतूंच्या तपासणीसाठी ती वेगळी आणि निर्जंतुक असते, आणि भरल्या दिवशीच पोहोचवा. एक पोळ्याच्या आसपास आणि एक होळीनंतर, असे वर्षात दोन नमुने द्या, म्हणजे पावसाळ्यातलं आणि उन्हाळ्याच्या तोंडावरचं पाणी दोन्ही कळेल.

आजच्या रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढा. एक लेकीच्या दवाखान्याच्या फाइलमध्ये, पहिल्या पानाला टाचून. दुसरी व्याह्यांना पाठवा, आणि सोबत एवढंच लिहा की सूनबाईंसाठी रोज 20 लिटर वेगळं पाणी घरात येतं आहे, कधीही येऊन बघून जा.